काठावरचा माणूस : इस्माईल बेग

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. मासुंदा, उपवन, कचराळी ही नावे येथील लहान मुलांनाही ठाऊक असतात, आणि नौकाविहार म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सुटीच्या संध्याकाळी मासुंदा तलावात घालवलेली अर्धी घटका उभी राहते. कल्याणचा पाण्याशी असलेला संबंध याहून जुना आहे. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर शिवाजी महाराजांनी आपल्या आरमाराची पहिली जहाजे याच खाडीकाठी बांधावयास घेतली, आणि दुर्गाडी आजही त्या खाडीकडे पाहत उभा आहे. पाण्याचा एवढा शेजार असूनही रोइंग, म्हणजे वल्ह्यांच्या नौकांची शर्यत, हा खेळ आपल्या भागातील घरांत फारसा कोणी ओळखत नाही. त्याचे कारण साधे आहे. या शर्यतीला दोन हजार मीटर लांबीचे, सरळ आणि संथ पाणी लागते. तलाव त्यासाठी लहान पडतात आणि खाडी भरती-ओहोटीच्या स्वाधीन असते.

दोन हजार मीटर म्हणजे साधारणपणे डोंबिवली स्थानकापासून ठाकुर्ली स्थानकापर्यंतचे अंतर. एवढे अंतर एकटा माणूस दोन वल्ह्यांच्या बळावर सुमारे सात मिनिटांत कापतो, आणि चौघे एका नावेत बसले तर त्यांना सव्वासहा मिनिटे पुरतात. या शर्यतीचा एक विशेष असा की, वल्हवणारा शेवटच्या रेषेकडे पाठ करून बसलेला असतो. मागे पडलेली नाव त्याला दिसते, पुढे गेलेली दिसत नाही. आठ जणांच्या नावेत सुकाणू सांभाळणारा नववा गडी असतो आणि तो तेवढा पुढे पाहतो. बाकीच्या नावांत तोही नाही. सरावाच्या वेळी काठावरून सायकलीने अथवा मोटारबोटीतून नावेच्या बरोबरीने जाणारा प्रशिक्षकच संपूर्ण चित्र पाहत असतो. शर्यतीच्या दिवशी मात्र त्याच्या हाती काही उरत नाही.

भारतीय रोइंगमध्ये काठावरची ही जागा दीर्घकाळ इस्माईल बेग यांनी सांभाळली. 2005 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धांत, 2018 च्या पालेमबांगमध्ये, 2021 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आणि 2023 च्या हांगझोऊमध्ये, म्हणजे या खेळात भारताच्या नावावर जे काही भरीव जमा झाले त्याच्या बहुतेक नोंदींच्या वेळी, राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकाचे नाव तेच होते. क्रिकेटच्या प्रशिक्षकाचे नाव रिक्षाचालकालाही पाठ असते. बेग यांचे नाव क्रीडापानावर बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात येते, आणि तो परिच्छेद जागेअभावी पुष्कळदा कापला जातो.

त्यांना मिळालेले भांडवल कोणते होते, हे आधी पाहिले पाहिजे. युरोपात मुले शाळेत असतानाच वल्हे हाती धरतात. आपल्याकडेही पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आणि त्याचा 1928 पासूनचा रेगाटा आहे, कोलकात्याचे जुने क्लब आहेत. पण आंतरराष्ट्रीय पदकांपर्यंत पोहोचलेले बहुतेक खेळाडू तेथून आले नाहीत. ते सैन्यातून आले. कल्याणहून पुण्याला जाणारी गाडी खडकीच्या अलीकडे दापोडीला येते. तेथे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या आवारात सैन्याचे रोइंग केंद्र आहे आणि या खेळासाठी मुद्दाम तयार केलेला, दोन किलोमीटरहून अधिक लांबीचा कालवा आहे. या मार्गाने नेहमी प्रवास करणाऱ्या कित्येकांना त्या भिंतीआड काय चालते याची कल्पनाही नसते. सैन्यात भरती झालेल्या तरुणांतून उंच, लांब हातापायांचे, दमदार गडी निवडायचे आणि त्यांना नावेत बसवायचे, अशी ही पद्धत. गंमत अशी की यांतील अनेक जण अशा मुलखांतून येतात, जेथे पाणी विहिरीच्या तळाशी शोधावे लागते.

बजरंगलाल ताखर हे राजस्थानातील सीकर जिल्ह्याचे, राजपुताना रायफल्सचे जवान. 2006 मध्ये दोहा येथे त्यांनी एकेरी स्पर्धेत रौप्यपदक मिळवले आणि चार वर्षांनी ग्वांगझूमध्ये सुवर्ण. आशियाई स्पर्धांच्या इतिहासात रोइंगमध्ये भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक होते. त्याच स्पर्धेत तीन रौप्यपदके आणि एक कांस्यपदकही आले. कांस्यपदक मिळवणाऱ्या प्रतिमा पुहाणा आणि प्रमिला प्रवा मिंज या दोघी ओडिशाच्या. ज्या खेळातून कोणी काही अपेक्षा ठेवत नव्हते त्याने एकदम पाच पदके आणली.

महाराष्ट्राच्या वाट्याचे नाव दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्याचे गाव, आणि चांदवडचा दुष्काळ नाशिक बाजाराशी व्यवहार असलेल्या आपल्या अनेक पेढ्यांना वेगळा सांगावयास नको. वडील विहिरी खोदण्याचे काम करीत. 2011 मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी दत्तू सैन्यात भरती झाला. त्याची उंची पाहून कुदरत अली या प्रशिक्षकाने त्याला नावेकडे वळवले. सुरुवातीला त्याला पाण्याचीच भीती वाटत असे. अवघ्या चार वर्षांनी, 2016 मध्ये, तो रिओ ऑलिंपिकच्या एकेरी स्पर्धेत उतरला. त्या वेळी त्याची आई अपघातानंतर बेशुद्धावस्थेत होती. रिओत त्याचा क्रमांक तेरावा आला. तोपर्यंत ऑलिंपिकमध्ये गेलेल्या कोणत्याही भारतीय रोइंगपटूची ती सर्वोत्तम कामगिरी होती. रिओपर्यंतची ही वाटचाल पॉल मोखा यांच्या मार्गदर्शनाखाली झाली होती, हेही नोंदवले पाहिजे. मुख्य प्रशिक्षकाच्या खात्यावर सगळेच जमा करणे न्यायाचे होणार नाही.

मुख्य प्रशिक्षकाचे खरे काम वेगळे असते. या खेळात एकेरी, दुहेरी, चौघांच्या, आठ जणांच्या अशा अनेक नावा आहेत. काहींत प्रत्येकाच्या हाती दोन वल्ही असतात, काहींत एकेकच. प्रत्येक नावेला वेगळ्या प्रकारचा माणूस लागतो. नावेत बसलेल्या चौघांपैकी सर्वांत बलवान कोण यापेक्षा चौघांची वल्ही एकाच क्षणी पाण्यात शिरतात की नाही, याला महत्त्व जास्त. एक वल्हे क्षणभर आधी पडले तर नाव डुलते आणि बाकी तिघांची शक्ती ती सावरण्यात जाते. हाताशी दहा-बारा चांगले गडी असतील तर कोणाला कोणाबरोबर आणि कोणत्या शर्यतीत बसवायचे, हा निर्णय प्रशिक्षकाचा. मर्यादित माल घेऊन कोणत्या बाजारात उतरावे, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर सोडवला आहे त्यांना यातील जोखीम लगेच कळेल. एका नावेत सगळे चांगले गडी घातले तर बाकीच्या नावा रिकाम्या राहतात. सगळीकडे थोडे थोडे वाटले तर कोठेच पदक येत नाही.

या जोखमीची सर्वांत कठीण परीक्षा ऑगस्ट 2018 मध्ये झाली. आशियाई स्पर्धा जकार्ता आणि पालेमबांग या दोन शहरांत विभागल्या होत्या, आणि रोइंग पालेमबांगच्या जाकाबारिंग तलावावर होते. 23 ऑगस्टच्या अंतिम शर्यतींकडून भारताला मोठ्या आशा होत्या. त्या दिवशी एकही पदक आले नाही. एकेरीत दत्तू भोकनळ सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुहेरीत स्वर्णसिंग आणि ओमप्रकाश यांची जोडी चौथी आली. चौथा क्रमांक हा खेळातील सर्वांत क्रूर क्रमांक. पदक इतके जवळून जाते की हात लांबवला तर लागेल असे वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांची शर्यत होती, आणि त्या नावेत बसणारे चौघे म्हणजे स्वर्णसिंग, दत्तू भोकनळ, ओमप्रकाश आणि सुखमीतसिंग. म्हणजे आदल्या दिवशी हरलेले तिघे आणि त्यांच्याबरोबर एक. आदल्या दिवशीचा सहावा आणि चौथा क्रमांक डोळ्यांपुढे असताना त्याच माणसांवर विसंबणे सोपे नव्हते. माणसे तीच राहिली.

24 ऑगस्टला आधी दुष्यंत चौहान कमी वजनाच्या गटातील एकेरीत उतरला आणि कांस्यपदक मिळवून इतका गळून गेला की त्याला उचलून न्यावे लागले. त्यानंतर रोहितकुमार आणि भगवानसिंग यांनी दुहेरीत कांस्यपदक मिळवले. मग चौघांची नाव सुटली. 6 मिनिटे 17.13 सेकंदांत ती शेवटच्या रेषेवर पोहोचली आणि मागून आलेली इंडोनेशियाची नाव तीन सेकंदांहून अधिक मागे होती. ग्वांगझूनंतर आठ वर्षांनी रोइंगमध्ये पुन्हा सुवर्ण आले. स्वर्णसिंगची कहाणी यात वेगळी आहे. लंडन ऑलिंपिक खेळलेला हा पंजाबचा गडी पाठीच्या दुखापतीमुळे रिओला मुकला होता, आणि पाठ गेलेला रोइंगपटू म्हणजे संपलेला खेळाडू असा या खेळात समज आहे.

हे प्रकरण येथे संपले असते तर ते सुखान्त म्हणता आले असते. परंतु मार्च 2019 मध्ये भारतीय रोइंग महासंघाने दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. 23 ऑगस्टच्या एकेरी शर्यतीत त्याने मुद्दाम प्रयत्न सोडले, असा ठपका होता. नाव उलटून आपण पाण्यात पडलो होतो, असे दत्तूचे म्हणणे होते. जानेवारी 2020 मध्ये बंदी उठवण्यात आली आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. परंतु मधल्या काळात टोकियोच्या तयारीचे जवळजवळ वर्ष हातचे गेले. शिस्तीचा आग्रह महासंघाने धरावा हे योग्यच. मात्र ज्या माणसाने चोवीस तासांच्या आत देशाला सुवर्णपदक मिळवून दिले, त्याच्या आदल्या दिवसाचा हिशेब सात महिन्यांनी मांडला जावा, ही गोष्ट पटण्यासारखी नाही. वहीत एकाच पानावर जमा आणि नावे दोन्ही लिहिलेले असताना फक्त एक बाजू वाचण्यासारखे ते झाले.

टोकियोच्या वेळी बेग यांच्यापुढे निराळाच पेच उभा राहिला. कमी वजनाच्या पुरुषांचा गट हा भारतासाठी फार मोलाचा होता. या गटात नावेतील खेळाडूंचे सरासरी वजन 70 किलो आणि कोणा एकाचे 72.5 किलोहून अधिक असता कामा नये, असा नियम आहे. साडेसहा फूट उंचीच्या युरोपीय गड्यांशी खुल्या गटात टक्कर देणे आपल्या मुलांना जड जाते. येथे मात्र अंगकाठी समान होते आणि उरते ते कसब व दम. 1996 पासून ऑलिंपिकमध्ये या गटाला स्थान मिळाले तेही अशाच देशांचा विचार करून. राजस्थानचा अर्जुनलाल जाट आणि बुलंदशहरचा अरविंदसिंग यांची जोडी या गटात उतरली. मे 2021 मध्ये टोकियोतच झालेल्या आशिया-ओशनिया पात्रता स्पर्धेत ही जोडी दुसरी आली. त्याच स्पर्धेत एकेरीत जाकर खान यानेही पात्रतेइतका क्रमांक मिळवला. नियम असा होता की एका देशाला पुरुषांची एकच नाव नेता येईल. दोघांनी कमावले होते आणि जागा एकच होती.

निवड दुहेरी जोडीची झाली. अर्जुन आणि अरविंद टोकियोत अकरावे आले, म्हणजे दत्तूच्या तेराव्या क्रमांकाच्या पुढे दोन पायऱ्या. निर्णय आकड्यांनी बरोबर ठरला. पण पात्रता मिळवूनही घरी राहिलेल्या जाकर खानला पुन्हा पहाटे पाण्यावर आणणे, हे काम कोणत्याही निकालपत्रकात दिसत नाही. खेळाडू अशा वेळी खेळ सोडतात, नोकरीत मन रमवतात; त्यांना कोणी दोषही देत नाही. जाकर खान टिकला. सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेने कांस्यपदक मिळवले तेव्हा त्या नावेत तो होता. त्याच्या सोबतीला पालेमबांगच्या सुवर्णनावेतला सुखमीतसिंग होता, सतनामसिंग होता आणि परमिंदरसिंग होता. परमिंदरचे वडील इंदरपालसिंग आणि त्यांचे जोडीदार कासम खान हे 2000 साली सिडनीला गेलेले पहिले भारतीय ऑलिंपिक रोइंगपटू. दुसरी पिढी धंद्यात उतरावी तसे हे घराणे आता नावेत स्थिरावले आहे.

हांगझोऊच्या त्या स्पर्धेत रोइंगने पाच पदके आणली. अर्जुन आणि अरविंद यांना रौप्य मिळाले, आठ जणांच्या नावेलाही रौप्य मिळाले आणि त्यांच्यापुढे गेलेली चीनची नाव तीन सेकंदांहूनही कमी अंतराने पुढे होती. बाबूलाल यादव व लेखराम यांनी जोडीत, तर जसविंदर, भीम, पुनीत आणि आशिष यांनी चौघांच्या एकेका वल्ह्याच्या नावेत कांस्यपदक मिळवले. सुवर्ण एकही नव्हते, म्हणून वर्तमानपत्रांनी या पदकांना दुय्यम जागा दिली. वास्तविक आठ जणांची नाव ही कोणत्याही देशाच्या रोइंगची खरी तपासणी असते. एखादा असामान्य गडी कोठेही निपजू शकतो. आठ सारख्या तोडीचे गडी निपजण्यासाठी खाली पन्नास-साठ जणांचा साठा असावा लागतो. तो साठा तयार करणे ही बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कमाई. पदकांच्या तक्त्यावरून ती अर्धीमुर्धीच समजते.

पुढची पिढी प्रशिक्षकांचीही तयार होत आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताची एकच नाव होती, करनालच्या बलराज पनवारची एकेरी नाव. सैन्यात गेल्यावरच वल्हे हाती घेतलेल्या बलराजने एप्रिल 2024 मध्ये दक्षिण कोरियात चुंगजू येथे कांस्यपदक मिळवून पात्रता गाठली होती. पॅरिसमध्ये तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि अखेरीस तेविसावा आला. काठावर त्याच्यासाठी उभे होते ते ग्वांगझूचे सुवर्णविजेते बजरंगलाल ताखर.

आणि याच सुमारास या खेळाचा बाजारच बदलला. पॅरिसनंतर कमी वजनाचा गट ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आला आहे. ज्या प्रकारात भारताने ऑलिंपिकमधील आपला सर्वोत्तम क्रमांक मिळवला, तोच आता 2028 च्या लॉस एंजेलिसमध्ये नसेल. पंधरा-वीस वर्षे ज्या मालावर मेहनत घेतली त्याची मागणी एका ठरावाने बंद व्हावी, असे हे झाले. अर्जुन आणि अरविंदसारख्या गड्यांनी वजन वाढवून खुल्या गटात जावे की बाजूला व्हावे, आणि दापोडीच्या कालव्यावर येणाऱ्या नव्या भरतीतून आता कोणते शरीर निवडावे, हे प्रश्न काठावरच्या माणसांनाच सोडवायचे आहेत. लॉस एंजेलिसची शर्यतही नेहमीच्या दोन हजारांऐवजी पंधराशे मीटरची असणार आहे, कारण तेथील जागा तेवढीच आहे. शर्यत आखूड झाली की शेवटपर्यंत टिकणाऱ्यापेक्षा सुरुवातीला झेप घेणाऱ्याचे मोल वाढते. म्हणजे सरावाची सगळी आखणी नव्याने करावी लागणार.

काढलेल्या गटाच्या जागी आला आहे समुद्रकिनाऱ्यावरचा नवा प्रकार. त्यात खेळाडू वाळूत धावत येऊन नावेत चढतो, लाटा कापीत तरंगत्या खुणांना वळसे घेत सुमारे अडीचशे मीटर आत जातो, वळून सरळ किनाऱ्याकडे येतो आणि नावेतून उडी टाकून पुन्हा धावतो. एक पुरुष, एक स्त्री, आणि एक पुरुष-एक स्त्री यांची जोडी अशा तीन शर्यती लॉस एंजेलिसमध्ये होतील. नाव रुंद आणि दणकट असते, आणि कालव्यात वापरतात ती चौदा किलोची नाजूक होडी येथे पहिल्याच लाटेत उलटेल. दोन किलोमीटर सरळ पाण्याची मात्र गरज नाही. उघडा किनारा आणि लाटेची ओळख पुरते. सीकर, मानसा आणि चांदवड येथून आलेल्या जवानांना ही ओळख प्रथमपासून करून घ्यावी लागेल. ठाणे जिल्ह्यात असा एक किनारा आहे. भाईंदरपलीकडे उत्तनला कोळ्यांची मुले वल्हे हाती धरायला शाळेच्या आधी शिकतात, आणि लाट नाव कोठे उचलील हे त्यांना पाठ फिरवूनही कळते.